मी नाकवाल्या ट्रकची चाकं सरळ करते

तुम्ही चहा ओता, तोवर मी कबुली देऊन टाकते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात की मी चिडते, आणि मी चिडले की काय होतं, त्याचीच ही गोष्ट आहे.

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. डिग्री आहे, ती फ्रेम करून भिंतीवर लावलेली आहे. आणि याच हातांनी मी एका भल्याथोरल्या ट्रकला, नुकतं चालायला लागलेल्या पोरासारखं पाय आत वळवून चालायला लावलं. तेही भर रस्त्यात, सगळ्या रायपूरच्या देखत!

आमच्याकडे एक ट्रक आहे. आहे म्हणजे, होता. जुन्या काळचा, पुढे लांब नाक असलेला, डोळे बाहेर आल्यासारखे दिवे असलेला. तो मोठ्या बाबांचा. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी ऐन उमेदीत त्यावर धान वाहिलं, लाकूड वाहिलं आणि एकदा म्हणे हत्ती वाहिला. मी शाळेत होते तेव्हा त्यांच्या गोष्टीतला तो हत्ती पिल्लू होता. आता तो पूर्ण वाढलाय आणि त्याच्यासोबत माहूतही असतो.

आमचं घर रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात. तिथल्या गल्लीत समोरून स्कूटर आली तर एकानं पोट आत घ्यावं लागतं, ट्रक कुठे ठेवणार? तो शहराबाहेर, आमच्या जुन्या गोडाऊनच्या शेडमध्ये उभा असायचा. आता बाबांनी ते गोडाऊन सोडायचं ठरवलं. सोमवारी जागा रिकामी करून द्यायची होती, आणि त्याच सकाळी भंगारवाला गॅस कटर घेऊन येणार होता.

मोठे बाबा जेवायचे कमी झाले. हत्तीची गोष्टसुद्धा बंद झाली! तेव्हा मात्र घरात सगळ्यांना भीती वाटली.

अशात अभनपूरहून निरोप आला. तिथल्या एका शेठजींची नवी राइस मिल रविवारी दुपारी बाराच्या मुहूर्तावर सुरू व्हायची होती. फाटकाशी कायमचा उभा करायला त्यांना असाच एक जुना ट्रक हवा होता. रंगवू म्हणाले, छप्पर घालू म्हणाले. अट एकच.

"गाड़ी अपने पैरों पे आए, भाईसाहब. क्रेन से लटकी हुई चीज़ मुहूर्त के टाइम दरवाज़े पे नहीं लूँगा."

म्हणजे रविवारी बाराच्या आत ट्रक स्वतःच्या चाकांवर अभनपूरला पोचला तर वाचला. नाही तर सोमवारी त्याचे तुकडे.

इंजिन चालू स्थितीत होतं. ब्रेक बिसाहू ककांनी ठीक केले होते. बिसाहू कका म्हणजे मोठ्या बाबांचे चाळीस वर्षांपासूनचे ड्रायव्हर, मेकॅनिक, आणि हत्तीचे एकमेव साक्षीदार. ते छत्तीसगढी माणूस, मला 'नोनी' म्हणतात. इकडे लेकीला प्रेमानं तसंच म्हणतात. प्रश्न राहिला होता तो स्टिअरिंगचा. चक्र वीतभर फिरवलं तरी चाकांना त्याची खबर नसायची, आणि रस्त्यावर ट्रक सरळ जायच्या ऐवजी बाजारात आलेल्या म्हशीसारखा इकडेतिकडे बघत जायचा.

"हे मी करते," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी मी जीन्स आणि बाबांचा जुना शर्ट घालून शेडमध्ये हजर झाले. आता आमच्या घरात कुठलंही काम सुरू करायचं म्हटलं की आधी त्या कामाचा इतिहास ऐकावा लागतो. बल्ब बदलायचा असला तरी आधी कंदिलापासून सुरुवात.

"अवं पोरी," मोठ्या बाबांनी खुर्ची पुढे ओढली, "आमच्या टायमाले असं स्टिअरिंग भटकलं ना, तर आम्ही काय करून राहिलो होतो माहीत हाय का तुले?"

"नोनी, पहिली बात तो ये है कि..." दुसऱ्या बाजूनं बिसाहू कका.

झालं. माझं डोकं सटकलं.

"थांबा! दोघंही थांबा. मोठे बाबा, आज इतिहास नाही, आज काम. मी मापं घेत असताना मधात कोणीच बोलायचं नाही. काहीही झालं तरी नाही. एक शब्द ऐकू आला तर मी चालली घरी, मग तुम्ही पाहून घ्या आणि तो भंगारवाला पाहून घेईल."

मोठ्या बाबांनी बिसाहू ककांकडे पाहिलं. कका म्हणाले, "हव." इकडे होकाराला 'हव' म्हणतात. त्या दोन अक्षरांत माणूस किती काय भरू शकतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

आता खरं सांगते, पहिलं काम मी झकास केलं. उगीच स्वतःला नावं ठेवणार नाही. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरतं ते मोजलं, निम्म्यावर आणून ठेवलं, आणि मग स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं आवळत गेले. वीतभराची ढिलाई दोन बोटांवर आली. ककांनी चक्र हलवून पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. बोलले नाहीत, नियम होता ना! पण भुवया गेल्या, मी पाहिल्या.

इथेच थांबले असते तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काहीच नसतं.

पण चाकं राहिली होती. बघा, पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर दिसतात, पण तशी नसतात. पुढच्या बाजूनं ती अगदी किंचित, दोनतीन मिलिमीटर आत वळलेली असावी लागतात. ते मोजायचं कसं? दोन्ही टायरांच्या पाठीवर, म्हणजे जी बाजू रस्त्याला टेकते तिच्यावर, मधोमध एकेक खूण करायची. खुणा चाकाच्या मागच्या बाजूला असताना त्यांच्यातलं अंतर मोजायचं. मग ट्रक अर्धा फेरा पुढे ढकलायचा, म्हणजे त्याच खुणा पुढे येतात. पुन्हा मोजायचं. जो फरक येईल तेवढी चाकं वाकडी. त्यांच्यामध्ये एक लांब दांडी असते, तिला टाय रॉड म्हणतात. ती फिरवून कमीजास्त केली की काम झालं. शाळकरी पोर करेल!

खूण करायला खडू मिळेना. शेडमध्ये सगळं होतं, उंदराचं बिऱ्हाडसुद्धा होतं, पण खडू नव्हता. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, डबा घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी ट्रकची पाठवणी, म्हणून पूजेची पिशवी तिनं आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. मी त्यातलं चिमूटभर कुंकू घेतलं, तेलात कालवलं आणि काडेपेटीच्या काडीनं दोन्ही टायरांवर बारीक रेघ ओढली. काय डोकं आहे बघा माझं! मागचं अंतर मोजलं, तळहातावर लिहिलं. सगळ्यांनी मिळून ट्रक अर्धा फेरा ढकलला. रेघा पुढे आल्या.

नेमका तेव्हा बाबांचा फोन आला.

"झालं का? नसन होत तर सांग, मी त्या भंगारवाल्याले उद्याच बोलावून घेतो."

"बाबा, तुम्हाला काहून एवढी घाई आहे?"

"अन तुले कायले एवढा जोश चढला?"

फाटकाशी उभी राहून मी दहा मिनिटं भांडले. तापून परत आले. टेपचं एक टोक ककांच्या हातात कोंबलं.

"कका, निशान पे पकड़ो. लाल निशान."

ककांनी टायरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "नोनी, कौन सा..."

"बोलना नहीं है!"

"हव."

मी माझ्या बाजूच्या लाल खुणेवर टेप धरला आणि आकडा वाचला. पुन्हा वाचला. सव्वा इंच! पुढचं अंतर मागच्यापेक्षा सव्वा इंच जास्त! म्हणजे दोन्ही चाकं पुढून बाहेर फाकलेली!

"बघा!" मी ओरडले. "सव्वा इंच! इतकी वर्षं तुम्ही दोघं ही फाकलेली गाडी चालवत होता. आणि मला शिकवताय!"

मोठ्या बाबांनी तोंड उघडलं. मी बोट वर केलं. त्यांनी तोंड मिटलं. ककांना एकदम खोकला आला. मोठी आई डब्यातल्या भाजीकडे बघत बसली.

खरं सांगायचं तर खूण मला जरा जाड वाटली होती. तिच्या शेजारी काहीतरी पिवळंही दिसलं होतं. पण मला वाटलं, तेल वाळल्यावर कुंकू कडेनं पिवळं पडत असेल. मी इंजिनियर आहे हो, केमिस्ट नाही!

टाय रॉडचे बोल्ट सैल केले, दांडी फिरवली, फिरवली, फिरवतच राहिले. शेवटी पुढचं अंतर मागच्या आकड्यापेक्षा बरोबर दोन मिलिमीटर कमी आलं. बोल्ट आवळले.

ककांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"बोलो."

"एक बार और नाप लें, नोनी? गाड़ी पीछे ले के?"

"कका, एकदाच मोजायचं आणि नीट मोजायचं. दोनदा मोजतो त्याला स्वतःवर भरवसा नसतो."

हे वाक्य मी बोलले. इतक्या शब्दांत बोलले.

रविवारी सकाळी साडेआठला मोठ्या आईनं ट्रकची ओटी भरली. हो, ओटी! नारळ, तांदूळ, खण. "पोरगीच सासरी चालली," म्हणाली आणि डोळे पुसले. मोठे बाबा दुसरीकडे बघत होते. आम्ही चौघं केबिनमध्ये बसलो. कका चक्रावर, मोठे बाबा खिडकीशी, मोठी आई ओटीचं ताट मांडीवर घेऊन, आणि मी मधे विजयी मुद्रेनं.

शेडची जमीन भुसभुशीत मातीची, तिथे काही कळलं नाही. ट्रक डांबरी रस्त्याला लागला मात्र.

"चींऽऽऽ!"

"हे काय?" मोठी आई दचकली.

"टायर जुने आहेत, कडक झालेत. दोन किलोमीटर जाऊ द्या, गप्प होतील."

दोन किलोमीटरनंतर ते गप्प झाले नाहीत, गाऊ लागले. ट्रक असा चालत होता, जसा कोणी मागून शेपटी धरून ओढतोय. कका गियर पाडत होते, इंजिन रडत होतं.

"कका, चक्र घट्ट धरू नका."

"पकड़ा नहीं हूँ, नोनी. खुद थरथरा रहा है."

"त्याला सरळ चालायची सवय नाही ना, म्हणून! आणि तुम्हालाही नाही. इतकी वर्षं वाकडी गाडी चालवली तर सरळ गाडी वाकडीच वाटणार!"

हेसुद्धा मीच बोलले. तुमचा चहा थंड होतोय, प्या.

मग जळक्या रबराचा वास आला. मी म्हटलं, बाजूला कोणीतरी कचरा जाळत असेल. कचरा आमच्याबरोबर चार किलोमीटर चालत आला. स्कूटरवरचा एक मुलगा खिडकीशी येऊन ओरडला, "दीदी, टायर रो रहा है आपका!" शेजारून जाणाऱ्या एका बसमधली माणसं खिडकीबाहेर डोकी काढून बघू लागली. एका बाईनं तर हात जोडले. कशाला जोडले, मला आजही माहीत नाही.

"पोरी," मोठे बाबा खाली बघत हळूच म्हणाले, "मी काही बोलून नाही राहिलो. फक्त इचारतो. तो धूर आपलाच हाय काय?"

धूर आपलाच होता.

ककांनी ट्रक कडेला घेतला. घड्याळात दहा वाजून गेले होते, अभनपूरची अजून निम्मी वाट बाकी. कका खाली उतरले, उकिडवे बसले आणि टायरच्या पाठीवरून एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर तळहात फिरवला. मांजरीला कुरवाळतात तसा.

"आ नोनी, हाथ लगा."

मी लावला. एका बाजूनं जाताना मऊ. परत येताना करवतीसारखं खरखरीत.

"दोनों पाँव अंदर हैं," कका म्हणाले. "बहुत अंदर. चल नहीं रही बिचारी, घिसट रही है."

"शक्यच नाही! मी मिलिमीटरपर्यंत मोजलंय! त्या कुंकवाच्या खुणेवरून..."

"कोणत्या कुंकवाच्या?" केबिनमधून मोठी आई.

"टायरवर मी लावलं होतं ते."

"तू लावलेलं? अवं माय, ते तर मी पुसलं!"

मी वर बघितलं. ती ओटीचं ताट सावरत खिडकीतून वाकली होती.

"तू फोनवर भांडून राहिली होती ना, तवा पायलं मी. कोणीतरी इतकुसं, रडकं रडकं कुंकू लावलेलं. म्हटलं, अशी पूजा करतात का? ओल्या फडक्यानं पुसलं अन चांगलं हळदकुंकू लावलं. दोन्ही टायरांले!"

"मधोमध लावलंस?"

"मधोमध कायले? माह्या कंबरेले वाकवते का? हात पोचला तिथं लावलं, जरासं कडेले."

म्हणजे ऐका. कॉलेजची चार वर्षं, डिग्री, फ्रेम, आणि एवढं सगळं करून मी त्या ट्रकची चाकं कशावरून जुळवली होती? मोठ्या आईचं बोट जिथे पोचलं तिथून!

"मोठे बाबा, तुम्ही पाहिलं होतं?"

"पायलं ना."

"कका, आपने?"

"हव."

"मग बोलला काहून नाहीत?"

मोठ्या बाबांनी आभाळाकडे पाहिलं. "काहीही झालं तरी नाही, म्हणे. अन मले वाटलं, शिकलेल्या लोकांची हीच नवी पद्धत असन."

मी रस्त्याच्या कडेला बसले. मला रडू यायला लागलं, आणि ते लाजेचं नव्हतं. मला दिसत होता सोमवार. शेडमधला गॅस कटरचा निळा जाळ, आणि खुर्चीवर न बोलता बसलेले मोठे बाबा. हे सगळं माझ्यामुळे. त्यात बाबांचा फोन वाजला. मी उचललाच नाही.

"कका," मी म्हटलं, "आप करोगे? मैं कुछ नहीं बोलूँगी."

"बोलना पड़ेगा. पाना तू ही घुमाएगी, मेरा खांदा दुखता है."

सीटखालून त्यांनी जॅक काढला, पाना काढला, एक मोठा खिळा आणि सुतळीचं रीळ काढलं. सगळं आदल्या दिवशीच भरून ठेवलेलं! मी बघतच राहिले.

त्यांनी चाक जॅकवर उचललं, मला ते फिरवायला सांगितलं आणि खिळ्याचं टोक टायरच्या पाठीवर स्थिर धरलं. चाक फिरलं तशी सगळ्या टायरभोवती एक अखंड पांढरी रेघ उमटली. दुसऱ्या चाकालाही तसंच. आता ट्रक ढकलायला नको, खूण शोधायला नको. पुढे मोजा, मागे मोजा, रेघ आहेच. मोठ्या आईनं गाव पुसून काढलं असतं तरी ती रेघ गेली नसती.

चाकं खाली टेकवली, ट्रक हातानं थोडा पुढेमागे हलवून सैल केला. मोठे बाबा सुतळीचं एक टोक धरून उकिडवे बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतर खोचून, धुळीत! मागचं अंतर घेऊन ककांनी सुतळीला गाठ मारली. मी ट्रकखाली पाठीवर पडून दांडी फिरवू लागले.

"अजून," मोठे बाबा. "अजून. बस, बस! मागं ये जराशी."

"कितना कम रखना है, कका? दो मिलीमीटर?"

"वो तेरी टेप जाने. वहिनी, चाऊर देना एक दाना."

मोठ्या आईनं ओटीतला तांदळाचा एक दाणा काढून दिला. ककांनी तो आडवा धरून गाठ आणि रेघ यांच्यामध्ये ठेवला. दाण्याच्या जाडीएवढंच अंतर. "बस. धान के देस की गाड़ी है, चाऊर से नपेगी."

मी बोल्ट आवळले. मग कका म्हणाले, एकदा परत मोजू. मोजलं. मी गप्प. ते म्हणाले, तिसऱ्यांदा मोजू. मोजलं!

अकरा वाजून दहा मिनिटांनी कका चक्रावर बसले. मी डोळे मिटून घेतले आणि कान टायरांकडे लावले.

काहीच नाही.

खरंच, काहीच नाही! इंजिनचा घरघराट आणि वारा. ट्रक असा निघाला, जसा कोणी त्याच्या पायातली साखळी काढली. ककांनी चक्रावरचे दोन्ही हात क्षणभर उचलून मला दाखवले, आणि तो सरळ चालत राहिला. सरळ! माझ्या छातीत इतका वेळ अडकलेला श्वास असा सुटला की मोठ्या आईच्या ताटातलं कुंकू उडालं.

"स्टेरिंग का डब्बा तूने बढ़िया बांधा है, नोनी," कका म्हणाले. "एकदम मक्खन है."

आणि मोठे बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "याच रस्त्यानं नेला होता तो हत्ती. दोन होते खरं म्हणजे."

इतका आनंद मला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता, शपथ!

बाराला सात मिनिटं कमी असताना आम्ही मिलच्या फाटकात शिरलो. शेठजी हार घेऊन धावत आले. टायर अजून गरम होते, त्यांच्या कडा झिजून धारदार झाल्या होत्या, पण कोण बघतंय? आता त्याला फक्त उभंच राहायचं होतं. पूजा झाली, नारळ फुटला. मोठ्या बाबांनी ट्रकच्या नाकावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग दोन प्लेट पुरीभाजी खाल्ली. मी बाबांना फोन केला.

"पोहोचली. भंगारवाल्याला सांगा, झोपून राहा म्हणावं."

बाबा म्हणाले, "दादा जेवला का?"

"दोनदा."

"बरं झालं," ते म्हणाले. आवाज जरा ओला वाटला. "अन आता तुम्ही सगळे घरी कशावर येऊन राहिले?"

मी इकडेतिकडे पाहिलं. मिलिमीटरचा विचार केला होता मी, मुहूर्ताचा केला होता. ट्रक देऊन टाकल्यावर चार माणसं परत कशी जाणार, हा विचार मात्र माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता!

शेवटी शेठजींनी रायपूरला वांगी घेऊन निघालेल्या एका पिकअपमध्ये आमची सोय लावली. मोठे बाबा आणि मोठी आई पुढे, बिसाहू कका आणि मी मागे पोत्यांवर. पिकअपवाला तरुण, दाढी कोरलेली, मोबाइलवर गाणी लावलेली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मला जाणवलं की गाडी सारखी डावीकडे ओढतेय. चांगलीच ओढत होती. तो बिचारा दर मिनिटाला चक्र उजवीकडे खेचून आणायचा, केबिनच्या मागच्या काचेतून दिसत होतं.

ककांनाही ते कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चक्राकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

मी एक वांगं उचललं आणि रायपूर येईपर्यंत त्याचं देठ फार लक्ष देऊन पाहत बसले.